नवं मशीन घेण्याआधी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखानदाराला नवं मशीन घ्यायचं असलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हप्ता किती बसेल? दुसराही ठरलेला: व्याज किती लावणार? या दोन्हींची उत्तरं बँकेतला माणूस पाच मिनिटांत देतो आणि कागदपत्रांची धावपळ सुरू होते. ज्या प्रश्नावर मशीन गाळ्याला तारणार की बुडवणार हे ठरतं, तो मात्र विचारायचा राहून जातो. महिन्यात हे मशीन किती तास चालेल, काय दराने चालेल, आणि धरलंय त्यापेक्षा कमी चाललं तर काय?

या ‘तर काय’चं उत्तर काढून देणारं साधन जवळजवळ प्रत्येक गाळ्यातल्या संगणकावर पडून आहे. एक्सेलमध्ये त्याला डेटा टेबल म्हणतात. ते कसं मांडायचं आणि त्यातून काय वाचायचं, हे मला या लेखात सांगायचं आहे. कारण पैसा लावण्याआधी कारखानदाराला स्वतःच्या धंद्याविषयी इतकं स्वच्छ सांगणारं दुसरं स्वस्त साधन माझ्या पाहण्यात नाही.

मी डोंबिवलीची. बी.कॉम. झाल्यावर वागळे इस्टेटमधल्या एका टर्निंगच्या गाळ्यात हिशेबाला लागले आणि तेव्हापासून याच भागात आहे. आता चार-पाच लहान युनिटांची कोटेशनं आणि कॉस्टिंग बघते. सायकल टाइम, सेटिंग, इन्सर्टचं आयुष्य, रिजेक्शन हे सगळं मी कॉलेजात शिकले नाही. मशीनशेजारी उभं राहून फोरमनकडून शिकले. त्यामुळे पुढचे आकडे पुस्तकातले नाहीत. ते उदाहरणासाठी धरलेले आहेत, पण गाळ्यातल्या माणसाला ओळखीचे वाटतील असे आहेत.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालं आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत. आज रोड नंबर १६ च्या बाजूला गेलं तर आशर आयटी पार्कसारख्या काचेच्या इमारती दिसतात आणि जुन्या कारखान्यांच्या जागी कार्यालयं दिसतात. पण आतल्या रस्त्यांवर अजून लेथ फिरतात, दारात ब्राइट बारचे गठ्ठे पडलेले असतात, टेम्पोत बरी आणि भंगार भरलं जातं. ठाण्यात जागा महाग, कामगार महाग, आणि गिऱ्हाईक दर वाढवून द्यायला तयार नाही. अशा ठिकाणी एका चुकीच्या मशीनचा बोजा वर्षानुवर्षं उतरत नाही. म्हणून हा हिशेब इथे जास्त महत्त्वाचा.

आता उदाहरण घेऊ. एक सीएनसी लेथ घ्यायचं आहे. कर्ज २० लाख रुपये, मुदत ५ वर्षं, व्याज १० टक्के. हप्ता बसतो ४२,४९४ रुपये. दोन पाळ्यांच्या दोन ऑपरेटरांचा पगार आणि भाड्यातला वाटा मिळून महिन्याला ५५,००० रुपये. मशीन चालू असताना वीज, इन्सर्ट आणि तेल यांचा खर्च तासाला ११० रुपये. गिऱ्हाईक जॉबवर्कचा दर देतं तासाला ४०० रुपये. महिन्याचे २५ दिवस, दिवसाचे १६ तास, म्हणजे ४०० तास.

बहुतेक जण इथेच गुणाकार करतात. तासामागे ४०० मधून ११० गेले, उरले २९०. गुणिले ४०० तास, एक लाख सोळा हजार. त्यातून पगार, भाडं आणि हप्ता वजा केला की हातात १८,५०६ रुपये उरतात. कर आणि घसारा यात नाही, फक्त रोकड. आकडा चांगला दिसतो आणि मशीनची ऑर्डर जाते.

पण त्या एका आकड्यात दोन गृहीतकं दडली आहेत. मशीन पूर्ण ४०० तास चालेल, हे एक. दर ४०० रुपयेच मिळेल, हे दुसरं. सेटिंगला वेळ जातो, माल वेळेवर येत नाही, ऑपरेटर गावी जातो, एखाद्या महिन्यात ऑर्डरच अर्धी येते. म्हणून दोन्ही गोष्टी बदलून पाहायच्या. एकेक आकडा हाताने बदलत बसलं तर आधीचं उत्तर पुसलं जातं आणि तुलना करता येत नाही. डेटा टेबल सगळी उत्तरं एकाच वेळी शेजारी-शेजारी मांडतं.

मांडणी अशी करायची. ‘ए’ रकान्यात नावं, ‘बी’ रकान्यात आकडे. बी१ मध्ये तास, बी२ मध्ये दर, बी३ मध्ये तासाचा चालू खर्च, बी४ मध्ये पगार आणि भाडं, बी५ मध्ये कर्ज, बी६ मध्ये वार्षिक व्याज, बी७ मध्ये हप्त्यांची संख्या. बी८ मध्ये पीएमटी हे फंक्शन वापरून हप्ता काढायचा. व्याज महिन्याचं हवं म्हणून बी६ ला १२ ने भागायचं आणि उत्तर अधिक चिन्हात यावं म्हणून कर्जाच्या आधी उणे चिन्ह द्यायचं. बी९ मध्ये शेवटचं सूत्र: दरातून चालू खर्च वजा, त्याला तासांनी गुणायचं, मग बी४ आणि बी८ वजा. सूत्रात कुठेही ४०० किंवा ११० असा आकडा थेट लिहायचा नाही. प्रत्येक गृहीतकाला स्वतःची चौकट हवी, नाहीतर टेबलला बदलायला काही सापडतच नाही.

आता शेजारी मोकळ्या जागेत टेबल. डी१ या कोपऱ्यात फक्त ‘बरोबर बी९’ लिहायचं. त्याच्या खाली, डी२ पासून, तास: २५०, ३००, ३५०, ४००. त्याच्या उजवीकडे, ई१ पासून, दर: ३५०, ४००, ४५०. हा सगळा चौकोन निवडायचा, डेटा मेनूत व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिसमध्ये जाऊन डेटा टेबल उघडायचं. एक्सेल दोन गोष्टी विचारतं. रो इनपुट सेल म्हणजे वरच्या ओळीतले आकडे कुठल्या चौकटीत घालून पाहायचे. आपण वर दर लिहिले, म्हणून बी२. कॉलम इनपुट सेल म्हणजे डावीकडचे आकडे कुठे घालायचे. तिथे तास आहेत, म्हणून बी१. ओके केलं की चौकोन भरतो.

महिन्याअखेर हातात उरणारी रक्कम, रुपयांत:

| तास | दर ३५० | दर ४०० | दर ४५० |
|---|---|---|---|
| २५० | −३७,४९४ | −२४,९९४ | −१२,४९४ |
| ३०० | −२५,४९४ | −१०,४९४ | ४,५०६ |
| ३५० | −१३,४९४ | ४,००६ | २१,५०६ |
| ४०० | −१,४९४ | १८,५०६ | ३८,५०६ |

या बारा आकड्यांकडे नीट बघा. पाच चौकटी अधिकच्या, सात उण्याच्या. आधी जो १८,५०६ रुपयांचा आकडा आपण पाहिला होता तो खोटा नव्हता, पण तो या चौकोनातल्या सगळ्यात चांगल्या कोपऱ्याच्या जवळ बसलेला होता. तास ४०० वरून ३०० वर आले की तीच कमाई १०,४९४ रुपयांच्या तुटीत जाते.

दुसरं निरीक्षण मला याहून मोलाचं वाटतं. मोठं गिऱ्हाईक नेहमी म्हणतं, ‘क्वांटिटी देतो, दर जरा कमी करा.’ ३५० रुपयांच्या रकान्याची शेवटची ओळ पाहा. मशीन महिनाभर दोन्ही पाळ्यांत पूर्ण चाललं तरी १,४९४ रुपये खिशातून जातात. या दराला कितीही काम मिळालं तरी हे मशीन स्वतःचा हप्ता फेडू शकत नाही. एका गाळ्याच्या मालकांना मी हा रकाना दाखवला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे ताई, मशीन रिकामं ठेवायचं नाही म्हणून मी जे काम घ्यायला निघालो होतो, तेच मला खाणार होतं.’ हप्ता सुरू झाल्यावर रिकाम्या मशीनपेक्षा कमी दराचं काम बरं, हे खरं आहे, कारण तासामागे २४० रुपये तरी हाती लागतात. पण अशा कामाच्या भरवशावर नवं मशीन घेणं ही वेगळी गोष्ट. हा फरक टेबल समोर असलं की वाद न घालता कळतो.

नफा-तोट्याची नेमकी वेस शोधायची असेल तर त्याच मेनूत गोल सीक आहे. बी९ शून्य व्हावं, त्यासाठी बी१ किती हवा, एवढं विचारायचं. ४०० रुपये दराला उत्तर येतं सुमारे ३३६ तास, म्हणजे २५ दिवस धरले तर रोज साडेतेरा तासांच्या आसपास. ४५० ला २८७ तासांजवळ. ३५० ला ४०६ तास, जे या मशीनकडे नाहीतच. हे आकडे फोरमनला सांगण्यासारखे आहेत, कारण तासांची भाषा त्याला कळते.

आता व्याजाकडे येऊ, कारण सगळी चर्चा तिथेच अडलेली असते. रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ रोजी रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर नेला. १ ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बदलत्या व्याजाची नवी कर्जं रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असल्यामुळे ही वाढ थेट गाळ्यापर्यंत आली. तेव्हा प्रत्येक मालकाच्या तोंडी व्याज होतं. म्हणून दुसरं टेबल व्याजाचं करू. आपल्याच उदाहरणात ९ टक्क्यांना हप्ता ४१,५१७ रुपये, १० ला ४२,४९४, ११ ला ४३,४८५, १२ ला ४४,४८९. म्हणजे एक टक्का व्याज वाढलं की महिन्याला साधारण हजार रुपये. तासामागे २९० रुपये सुटत असतील तर हे हजार रुपये भरून काढायला मशीन महिन्यात साडेतीन तास जास्त चालवावं लागतं. फक्त साडेतीन तास. उलट पन्नास तास मशीन बंद राहिलं तर १४,५०० रुपये जातात.

मी असं म्हणत नाही की व्याजासाठी घासाघीस करू नका. जरूर करा. पण अर्ध्या टक्क्यासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवणारा माणूस सेटिंगला किती वेळ जातो हे मोजत नसेल, तर त्याची मेहनत चुकीच्या जागी चालली आहे. टेबलचा खरा उपयोग हाच आहे. कुठला आकडा हलला की धंदा हलतो आणि कुठला हलला तरी फारसं बिघडत नाही, हे ते दाखवतं. याच टेबलात मुदतही घालून पाहा. ५ वर्षांऐवजी ७ वर्षं घेतली तर १० टक्क्यांना हप्ता ३३,२०२ रुपयांवर येतो, महिन्याचा भार नऊ हजारांहून जास्त हलका होतो. मात्र एकूण व्याज साधारण साडेपाच लाखांवरून पावणेआठ लाखांच्या पुढे जातं. सुरुवातीला काम कमी असेल तर लांब मुदत घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण काय देऊन काय घेतो आहोत, ते समोर असावं.

हीच पद्धत कोटेशनला लावली की ती जास्तच बोलते. समजा एका नगाला ८०० ग्रॅम पोलाद लागतं, भाव किलोला ६५ रुपये, म्हणजे ५२ रुपयांचं मटेरियल. मशीनचे २० रुपये, इतर ३ रुपये. नगाची किंमत ठरली ८० रुपये, वर्षभरासाठी. भंगाराचे पैसे सोपेपणासाठी बाजूला ठेवू. रिजेक्शन २ टक्के असेल तर चांगल्या नगामागे ३ रुपये ४७ पैसे सुटतात. ५ टक्के झालं तर १ रुपया ५ पैसे. आता पोलाद ७० रुपये करा. २ टक्के रिजेक्शनलाच नगामागे ६१ पैसे तोटा. महिन्याला १०,००० नग जात असतील तर ३४,७०० रुपयांचा फायदा ६,१०० रुपयांच्या तोट्यात बदलला, आणि किलोमागे वाढले होते फक्त पाच रुपये.

पोलादाचे भाव असे हलतात हे गाळ्यातल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने भाव आवरण्यासाठी पोलादाच्या बहुतेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं आणि १९ नोव्हेंबर २०२२ पासून ते काढून घेतलं. एका वर्षाच्या ऑर्डरच्या मुदतीत दोन वेळा वारं बदललं. ज्यांनी कोटेशनमध्ये पोलादाचा भाव इतक्या रुपयांपेक्षा जास्त हलला तर दरही बदलेल, अशी अट घातली होती ते निभावले. ती अट किती रुपयांवर ठेवायची हे टेबल सांगतं: जिथे फायद्याचं उत्तर उण्यात जातं, त्याच्या एक पायरी अलीकडे.

आणखी एक टेबल प्रत्येक गाळ्यात असायला हवं, ते उशिरा येणाऱ्या पैशांचं. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) या कलमाने १ एप्रिल २०२४ पासून त्याला धारही आली. तरीही ९० दिवस थांबणारे गाळे मला माहीत आहेत. महिन्याला ६ लाखांची बिलं होत असतील तर ४५ दिवसांत ९ लाख अडकतात, ९० दिवसांत १८ लाख. कॅश क्रेडिटचं व्याज ११ टक्के धरलं तर हा उशीर महिन्याला ८,२५० रुपयांना पडतो. नव्या मशीनच्या व्याजातल्या एका टक्क्याच्या तो आठपट आहे. वरच्या ओळीत उशिराचे दिवस आणि डावीकडे महिन्याची विक्री ठेवून हे टेबल एकदा करून पाहा; वसुलीचा फोन करताना आवाजात वेगळाच ठामपणा येतो.

हे साधन जन्मालाच अशा प्रश्नांसाठी आलं. १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला जाणवलं की फळ्यावरच्या हिशेबात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात. त्याने बॉब फ्रँकस्टनसोबत व्हिजिकॅल्क हे एक्सेलसारखं सॉफ्टवेअर केलं आणि १९७९ मध्ये ते अ‍ॅपल-२ संगणकावर आलं. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये डेटा टेबलची आज्ञा होती. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलं. इतकं जुनं साधन आजही फारसं वापरलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. बहुतेक गाळ्यांत एक्सेल म्हणजे बिलांची यादी आणि पगारपत्रक.

वापरताना काही गोष्टी लक्षात ठेवायच्या. ज्या चौकटींत आकडे घालून पाहायचे त्या टेबलच्याच शीटवर असाव्या लागतात. टेबलातलं एखादंच उत्तर खोडता किंवा बदलता येत नाही. पुसायची तर सगळी उत्तरं एकदम. फाइल मोठी झाली की ती जड होते, म्हणून काही जण कॅल्क्युलेशनच्या पर्यायात डेटा टेबल सोडून बाकी सगळं आपोआप, असं ठेवतात. मग आकडे बदलल्यावर एफ९ दाबावं लागतं, नाहीतर जुनी उत्तरं तशीच दिसत राहतात. लिबरऑफिस हे फुकट मिळतं आणि त्यात हेच काम मल्टिपल ऑपरेशन्स नावाने होतं. गूगल शीट्समध्ये तयार डेटा टेबल नाही. तिथे डॉलरचं चिन्ह लावून ओळ किंवा रकाना पक्का करायचा आणि साधं सूत्र चौकोनभर ओढायचं. टेबलात एका वेळी दोनच गोष्टी बदलता येतात. तीन-चार गोष्टी एकदम बदलायच्या असतील तर सिनॅरिओ मॅनेजर आहे.

आणि एक मर्यादा समजून घ्यायलाच हवी. कुठली चौकट प्रत्यक्षात येईल हे टेबल सांगत नाही. ते तुमच्या नोंदींनी सांगायचं असतं. मशीन गेल्या वर्षी दर महिन्याला किती तास चाललं, रिजेक्शन किती झालं, बिलं किती दिवसांनी सुटली, हे वहीत नसेल तर चौकोनातले आकडे केवळ इच्छा ठरतात. म्हणून मी प्रत्येक गाळ्यात आधी मशीनजवळ एक साधं रजिस्टर लावायला सांगते: सुरू केलं कधी, थांबलं कधी, का थांबलं. तीन महिने ते प्रामाणिकपणे भरलं की टेबलात डावीकडे कुठले तास लिहायचे याचा वाद मिटतो.

ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संघटना, आयटीआय आणि ठाणे-डोंबिवलीतली कॉमर्स कॉलेजं यांनी हा एवढा भाग खऱ्या गाळ्यांचे आकडे घेऊन शिकवावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. बी.कॉम.च्या मुलांना गणित येतं आणि मशीनवरच्या माणसाला आकड्यांचा अर्थ कळतो. दोघं एका टेबलाशी बसले तर अर्ध्या दिवसात काम होतं. आणि कारखानदारांना सांगणं हे: कर्जाच्या मंजुरीपत्रावर सही करण्याआधी तास आणि दर यांचा एक चौकोन मांडा. उण्याच्या चौकटींना लाल रंग द्या. तुमचं गेल्या वर्षीचं रजिस्टर तुम्हाला त्या लाल भागात नेऊन ठेवत असेल, तर मशीन कितीही चांगलं असो आणि व्याज कितीही कमी असो, आज सही करू नका.